हवा कोण खातंय?

मित्रांनो, इस्त्रीला कपडे टाकायला गेलात की टेबलावर उजव्या हाताला एक चपटी, धुरकट बाटली उभी दिसते. तिच्या डोक्याला एक चाप असतो. तो दाबला की तोंडातून पाण्याचा बारीक फवारा उडतो आणि वाळून कडक झालेला शर्ट मऊ पडतो. त्या बाटलीकडे कुणी बघत नाही. सगळे बघतात ते शर्टाकडे. ती पाणी मारायची बाटली मी. आता मी म्हातारी झाले आहे. चाप दाबला की आधी कुरकुरते, मग काम करते. पण माझे डोके अजून ठिकाणावर आहे, म्हणजे घट्ट फिरवून बसवलेले आहे. म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचा गरम, लिबलिबीत गोळा साच्यात उतरला, कुणीतरी आत जोराने हवा फुंकली आणि मी फुगून बाटली झाले. म्हणजे माझी सुरुवातच हवेने झाली, हे ध्यानात असू द्या. मग मला चाप बसवला, चापाखाली स्प्रिंग बसवली आणि पोटात एक लांब पांढरी नळी सोडली. चाप दाबला की ही नळी तळाचे पाणी वर ओढते. लोकांना वाटते, बाटलीचे काम पाणी फेकण्याचे. खरे काम आहे पाणी ओढण्याचे. ओढलेच नाही तर फेकणार काय?

सुरुवातीला माझ्या पोटात काचा पुसायचे निळे औषध होते. ते संपले आणि माझी रवानगी केराच्या डब्यात झाली. तिथून मला माईंनी उचलले. माई म्हणजे एका लाँड्रीच्या मालकीणबाई. बारीक चणीच्या, पण आवाज असा की दोन खोल्या पलीकडचा माणूस दचकावा.

"एवढी धडधाकट बाटली टाकवते कशी तुम्हाला? हात झडत नाहीत का टाकताना?" त्या घरभर म्हणाल्या.

घरात तेव्हा एक त्यांचे यजमानच होते. ते म्हणाले, "मी नाही टाकली."

"तुम्ही नसाल टाकली, पण टाकताना बघितली असेल ना!"

हे यजमान म्हणजे आबा. त्यांनीच ही लाँड्री उभी केली. आधी सायकलवर गाठोडी नेली, मग एक पिकअप गाडी घेतली. पेट्रोलवर चालणारी, पुढे दोघांची केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्यावर आबांनी स्वतः शिवलेले ताडपत्रीचे छप्पर. लाँड्रीच्या मागच्या बाजूला एक फरशीचे अंगण आहे. इस्त्रीच्या टेबलासमोरची खिडकी त्या अंगणात उघडते. पिकअप तिथेच उभी राहते. त्यामुळे तिचा माझा शेजार जुना.

कालांतराने माईंचे हात दुखू लागले आणि इस्त्री सूनबाईच्या हातात आली. मीही तिच्या हातात आले. तिच्या हाताचे मी किती कौतुक करू! रेशमी कापडावर ती मला लांब धरायची आणि चाप असा हळू दाबायची की फवारा नुसता तरंगत खाली यायचा. जाड पडद्यावर जवळून, दणकून. फवारा कुठे पडतो आणि कुठे जिरतो याच्याकडे तिची नजर असायची. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, धुण्याची यंत्रे सांभाळायचा. माई एका बाजूला बसून घड्या घालायच्या आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायच्या.

माझी नोकरी दोन ठिकाणी होती. सकाळी इस्त्रीच्या टेबलावर. दुपारी आबांबरोबर गाडीत. ड्रायव्हरच्या दाराला आतून एक कप्पा असतो ना, त्यात मी उभी राहायची. आबांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर कोटावर किंवा पडद्यावर वाटेत पडलेली एखादी चुणी दिसली तर ते तशी वस्तू हातात ठेवत नसत. मला काढायचे, पाण्याचा एक हलका फवारा मारायचे, तळहाताने चुणी सरळ करायचे आणि मग दार वाजवायचे. "आपलं काम दार उघडायच्या आत संपलं पाहिजे," असे म्हणायचे.

त्या कप्प्यातून मला दुसरे काही दिसायचे नाही. रस्ता नाही, दुकाने नाहीत. दिसायचे ते आबांचे पाय. एक क्लचवर, एक कधी ब्रेकवर, कधी ॲक्सिलरेटरवर. जुन्या पण पॉलिश केलेल्या बुटातले ते पाय इतके शांत चालायचे की मागे हँगरला टांगलेला कोटसुद्धा हलत नसे. गाडी थांबवायची असली की आबा लांबूनच ब्रेकवर पाय ठेवायचे आणि गाडी अशी थांबायची, जणू तिचाच विचार होता थांबायचा. थांबल्यावर ते इंजिनाला उगाच रेस देत नसत. "उभ्या गाडीला कशाला पाजायचं?" म्हणायचे.

मित्रांनो, ते दिवस सुखाचे होते. मग गाडी बंद पडू लागली.

पहिल्यांदा एका चौकात बंद पडली. लाल दिवा लागला, आबा थांबले, इंजिनाने दोनदा हुंदका दिल्यासारखे केले आणि ते गप्प बसले. आबांनी पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकात बंद पडली. पुढच्या आठवड्यात एका चढावर, मागे मोठी बस असताना. बसवाल्याने भोंगा वाजवला, मागच्यांनीही आपापले वाजवले आणि एकजण खिडकीतून डोके काढून ओरडला, "आजोबा, घरी जा, झोपा!"

आबांनी मागे पाहिले नाही. पण पाय मी पाहिले. क्लच पूर्ण दाबलेला होता. ब्रेकवरचा पाय जिथे असायला हवा तिथेच होता. कुठे घसरला नाही, कुठे चुकला नाही. गाडी आपल्या मनाने बंद पडली होती. हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक होते. आणि मला तर बोलता येत नाही.

बस चढावर अडकल्याची गोष्ट कुणीतरी मुलाच्या कानावर घातली. संध्याकाळी तो आबांच्या शेजारी येऊन बसला. वाईट मुलगा नव्हता तो. बापाची काळजी होती म्हणूनच त्याचा आवाज जरा चढला.

"आबा, क्लचवरून पाय सुटतोय तुमचा."

"सुटत नाही."

"मग गाडी का बंद पडते? माझ्या हातात एकदाही पडत नाही."

हे खरे होते. सकाळी मळके कपडे आणायला तोच गाडी घेऊन जायचा आणि त्याच्याकडे ती मुकाट चालायची. आबा बुटाच्या नाड्या सोडू लागले. ते म्हणाले, "मिस्त्रीला दाखव."

माई घडी घालता घालता म्हणाल्या, "पायाचं मला विचारा. लग्नात पहिल्यांदा शेजारी उभे राहिले तेव्हाच माझ्या पायावर पाय दिला होता यांनी. क्लच बिचारा काय सांगणार!"

सूनबाई हसली. आबाही हसले, पण उशिरा.

मिस्त्रींचे गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होते. मुलगा सकाळीच गाडी तिथे घेऊन गेला. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, रेस दिली, कान लावला, चक्कर मारली. गाडी उत्तम चालली. दुपारी आबा निघाले आणि पुन्हा चौकात बंद पडली. मग मुलाने मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री तेव्हा कुठल्यातरी गाडीखाली आडवे होते आणि दातांत पाना होता. ते एवढेच म्हणाले, "गळती असेल कुठंतरी. बघा जरा." आणि फोन ठेवला.

आता मित्रांनो, गळती म्हटल्यावर माणूस कुठे बघेल? खालीच बघणार. नळ गळतो तो खाली, छप्पर गळते ते खाली. आणि आमचे घर तर लाँड्रीवाल्यांचे. दुसऱ्या कुणी गाडीखाली पुठ्ठा टाकला असता, वर्तमानपत्र पसरले असते. आमच्या माईंनी कपाटातून पांढरी शुभ्र चादर काढली. तेलाचा डाग पुठ्ठ्यावर लपेल, पेपरवर लपेल, पण या चादरीवर सुईच्या टोकाएवढासुद्धा लपणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सूनबाईने अंगणात गाडीच्या खाली ती चारी कोपरे ताणून अंथरली. एक सुरकुती राहिली होती, तीही वाकून सरळ केली. सवयच तशी.

सकाळी सगळे अंगणात जमले. मी खिडकीतून बघत होते. मुलाने चादर हळूच बाहेर ओढली. माईंनी ती उजेडात धरली, पुढून बघितली, मागून बघितली. डाग काढण्यात सगळा जन्म गेलेली बाई ती. पण चादरीवर काहीच नव्हते. जशी घातली तशी निघाली.

"एक थेंब नाही," माई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

पांढरी चादर बघून कुणाचे तोंड पडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. गळती नाही म्हणजे गाडीत दोष नाही. गाडीत दोष नाही म्हणजे आबांच्या पायात आहे. चादरीने सगळ्यांसमोर तसे सांगितल्यासारखे झाले.

गाडीला दोन किल्ल्या होत्या. मुलाने आबांची किल्ली भिंतीवरच्या त्यांच्या खिळ्यावरून काढली आणि आपल्या खिशात घातली. मग फार मऊ आवाजात म्हणाला, "आबा, खूप केलंत. आता निवांत बसा. हवा खा."

आबांनी मान हलवली. स्वतःच्या पायांकडे बघितले. मला वाटते, त्या दिवशी त्यांना स्वतःलाच शंका आली.

त्यानंतर आबा अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. दुपारी बूट घालायची वेळ झाली की ते बूट घालायचे, पॉलिश करायचे आणि बसून राहायचे. माई आतून हाक मारायच्या, "अहो, चहा घेता का?" आणि उत्तर आले नाही की पुन्हा विचारायच्या नाहीत. एरवी एकदा विचारून थांबणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुपारची फेरी आता मुलगा करू लागला आणि मी दिवसभर टेबलावर. दाराचा कप्पा रिकामा राहिला. गिऱ्हाइकांकडे चुण्या तशाच जात असतील.

अशातच मी आजारी पडले. सूनबाईने चाप दाबला, तोंडातून नुसते फुस्स झाले. पुन्हा दाबला, पुन्हा फुस्स. पोटात पाणी गळ्यापर्यंत होते. तिने मला हलवले, उलटे केले, टेबलावर आपटले.

"हवा खायला लागली ही," ती वैतागून म्हणाली. "पाणी ओढतच नाही. नवी आणायला हवी."

"आबांना दे," माई म्हणाल्या. "त्यांनाही हवा खायला बसवलंय. दोघं मिळून खा म्हणावं."

बोलणे टोचणारे होते, पण कुणाला टोचायचे ते माईंना बरोबर ठाऊक होते. सूनबाईने मान खाली घातली आणि मला खिडकीतून आबांच्या हातात दिले.

आबांनी माझे डोके फिरवून काढले. पोटातली पांढरी नळी बाहेर आली. ती त्यांनी उन्हात धरली, बोटांत फिरवली, एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने फुंकली. मग त्यांना सापडले. जिथे नळी माझ्या डोक्यात घुसते, अगदी तिथे, वरच्या टोकाला, केसासारखी चीर गेली होती. पाण्याच्या पातळीच्या वर. तिथून पाणी कधीच गळले नसते. तिथून फक्त हवा आत जात होती. चाप दाबला की नळीला आयती हवा मिळायची, मग ती तळाचे पाणी ओढायचे कष्ट कशाला घेईल?

आबांनी चिरलेले टोक कात्रीने कापून टाकले आणि उरलेली नळी पुन्हा बसवली. नळी जरा आखूड झाली. तेव्हापासून तळाचे घोटभर पाणी माझ्या पोटात कायमचे राहते. कितीही चाप दाबा, तिथपर्यंत नळी पोचत नाही. पण फवारा उडाला! आबांनी तो स्वतःच्या बुटांवरच मारून पाहिला.

नेमकी त्याच वेळी पिकअप अंगणात आली. मुलगा फेरी संपवून परतला होता. गाठोडी उतरवायला तो घाईने खाली उतरला, इंजिन तसेच चालू ठेवून. आता गाडीत कुणीच नव्हते. इंजिन थोडा वेळ चालले. मग वर-खाली होऊ लागले, दम लागलेल्या माणसासारखे. घुर्र, मग हळू, मग पुन्हा घुर्र. एक गचका दिला आणि बंद पडले.

मुलाचे लक्ष नव्हते. तो दोन्ही काखांत गाठोडी मारून आत गेला.

आबा खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी हातातल्या नळीच्या कापलेल्या तुकड्याकडे पाहिले. मग गाडीकडे. मग पुन्हा तुकड्याकडे.

"अगं," त्यांनी माईंना हाक मारली, "मिस्त्रीला फोन लाव. म्हणावं, आमची गाडी गळत नाहीये. आमची गाडी हवा खातेय का ते येऊन बघ."

मिस्त्री लगेच आले. या वेळी तोंडात पाना नव्हता, त्यामुळे शब्दांना वाट मोकळी होती. चादरीची हकीकत ऐकली आणि ते हौद्याच्या कडेला धरून हसत सुटले.

"चादर अंथरलीत? पांढरी? अहो माई, ही गळती बाहेर नाही पडत, आत जाते!"

"मग गळती का म्हणालास?" माई कडाडल्या. "आत जाते तिला गळती म्हणतात का कुठं? सरळ हवा खाते म्हणायचं!"

"चुकलं माझं, माई."

"चुकलं म्हणजे! चांगली चादर, तिची पुन्हा धुलाई. आणि..." त्या पुढचे बोलल्या नाहीत. आबांच्या बुटांकडे बघत राहिल्या.

मिस्त्रींनी मग नीट समजावून सांगितले. इंजिन पेट्रोल आणि हवा मोजून पिते. एखाद्या फटीतून जास्तीची हवा आत शिरली की चहात पाणी वाढावे तसे होते. गाडी गार असते तेव्हा मुळातच घट्ट चहा पीत असते, म्हणून सकाळी गॅरेजमध्ये काही कळले नाही. आणि रेस दिली की इंजिन एवढी हवा ओढते की चोरट्या फटीतली हवा त्यात कुठल्या कुठे हरवते.

मिस्त्रींनी मुलाला विचारले, "तू थांबल्यावर ॲक्सिलरेटर सोडतोस का रे?"

मुलाने आपल्या पायाकडे पाहिले. "नाही. पाय त्याच्यावरच हलत असतो. सवय आहे."

"नाचतो म्हण की," माई म्हणाल्या. "जेवतानासुद्धा टेबल हलतं याच्या पायानं."

मिस्त्रींनी आबांना गाडीत बसायला सांगितले. "हँडब्रेक लावा, न्यूट्रलला ठेवा, चालू करा. आणि आबा, आता पाय वर घ्या. सीटवर मांडी घाला."

"गाडीत?"

"गाडीतच. सगळ्यांना दिसू दे पाय कुठं आहेत ते."

आबांनी बूट काढून खाली ठेवले आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसले. हात गुडघ्यांवर. दार उघडे. इंजिन गरमच होते. सगळे त्यांच्याकडे बघत उभे राहिले, फोटो काढायचा असल्यासारखे. इंजिन चालले, हळू झाले, फुगले, पुन्हा हळू झाले आणि बंद पडले.

आबांचे पाय मांडीत होते, मोज्यांसकट.

मुलाने एकदा त्या पायांकडे पाहिले आणि मान वळवली. ताडपत्रीची सुटलेली दोरी दिसली, ती बांधत बसला. मघाशी ती घट्टच होती.

पण मित्रांनो, चोरी सिद्ध झाली तरी चोर सापडायचा होता. मिस्त्रींनी खिशातून रबराची एक लांब नळी काढली. तिचे एक टोक कानात आणि दुसरे इंजिनावर फिरवू लागले. ऐकू काय येणार? पंख्याचा आवाज, पट्ट्याचा आवाज, शेजारच्या यंत्रांची घरघर.

"पाणी मारून बघावं लागेल," ते म्हणाले. "फटीवर पाणी पडलं की घटकाभर फट बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. पण बारीक पाहिजे. बादली ओतली तर सगळंच गप्प होईल."

सूनबाई पुढे आली. तिच्या हातात मी होते.

"वा वहिनी," मिस्त्री म्हणाले. "पण तारांवर नाही मारायचं, आणि पंख्यापासून हात लांब."

तिने बाह्या वर सारल्या. आबांनी मांडी न सोडताच पुन्हा किल्ली फिरवली. मिस्त्री बोट दाखवतील तिथे ती मला धरायची आणि रेशमावर मारावे तसा एकच हलका फवारा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. नाही. पुढे. कार्बोरेटरच्या बुडाशी मारले, नाही. एका बारीक नळीवर मारले, नाही. एकदा फवारा तापलेल्या लोखंडावर पडला आणि छन्न झाले. मुलगा ओरडला, "सापडलं!"

"ती इस्त्री आहे," सूनबाई म्हणाली. "रोज ऐकते मी."

मध्येच गाडी बंद पडायची, आबा पुन्हा चालू करायचे. माझे पोट रिकामे होत आले. त्या घोटभर पाण्याच्या वर थोडेसेच उरले होते. मनात म्हटले, आता संपले तर पुन्हा भरायला आत जावे लागेल, तोवर इंजिन गार होईल आणि चोर पळून जाईल. एवढ्यात सूनबाई थबकली.

ब्रेकला मदत करणारा एक जाड रबरी पाइप इंजिनापासून मागे जातो. मिस्त्रींनी त्याच्या वरून बोट फिरवले होते. वरून तो ठणठणीत होता. सूनबाईने फवारा त्याच्यावर सोडला तेव्हा पाण्याची धूळ दोन्ही बाजूंनी खाली उतरू लागली. पण एका ठिकाणी ती उतरलीच नाही. पाइपच्या खालच्या बाजूला वळली आणि नाहीशी झाली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "इथं पाणी पडत नाहीये. कुणीतरी पितंय."

तिने मला खालून धरले आणि चाप पूर्ण दाबला. माझ्यात होते नव्हते तेवढे सगळे मी दिले. आणि इंजिन शांत झाले. बंद नाही पडले, शांत झाले. एकसारखा, जुना, खोल सूर लागला, पूर्वी चौकात उभे असताना लागायचा तसा. दोन श्वास टिकला आणि पुन्हा धाप सुरू झाली.

तो सूर आबांनी केबिनमध्ये ऐकला. "तीच!" ते आतून ओरडले. "तीच माझी गाडी! पुन्हा मार, पोरी, पुन्हा मार!"

पुन्हा मारायला माझ्यात काही उरले नव्हते. पण गरजही नव्हती. मिस्त्रींनी पाइपच्या खालून बोट घातले, बोटाने चीर दाबली आणि इंजिन पुन्हा त्याच सुरात चालू लागले. बोट काढले की धाप. बोट ठेवले की सूर. लहान मुलासारखे त्यांनी ते चारदा करून पाहिले.

चीर पाइपच्या अगदी टोकाला होती, जिथे पट्टी आवळलेली असते तिथे, आणि खालच्या अंगाला. वरून बघणाऱ्याला कधी दिसली नसती. मिस्त्रींनी इंजिन बंद करून पाइप सोडवला, चिरलेले टोक चाकूने कापले आणि उरलेला पाइप पुन्हा घट्ट बसवला. "नवा मिळेपर्यंत हा चालेल," ते म्हणाले. पाइपचा तुकडा त्यांनी केबिनमध्ये आबांच्या हातात दिला, तेव्हा आबांनी खिशातून माझ्या नळीचा तुकडा काढला आणि त्याच्याशेजारी तळहातावर ठेवला. एक पांढरा, एक काळा. दोघांनाही सारखीच चीर.

"माझा पाय सुटत नव्हता," आबा म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. नुसतेच.

"नव्हता, आबा," मुलगा म्हणाला. त्याने खिशातून आबांची किल्ली काढली आणि आत जाऊन ती खिळ्याला लावली. आबांच्या खिळ्याला. मग बाहेर आला, मला नळाखाली भरले, पुसले आणि दाराच्या कप्प्यात उभी केली. ही त्याची माफी होती. मी त्याच्या हातात होते, मला कळले.

माई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, मांडी सोडा आता. पायाला मुंग्या येतील आणि मग खरंच क्लच सुटेल."

त्यानंतर आबांनी पुष्कळ दिवस गाडी चालवली. मी कप्प्यात आणि ते पाय माझ्यासमोर. चौकात थांबलो की आबा मुद्दाम थोडे जास्त वेळ ऐकत बसायचे, हिरवा दिवा लागेपर्यंत. मग एका दिवशी, कुणी काही न म्हणता, त्यांनी किल्ली स्वतःच खिळ्यावरून काढून मुलाच्या हातात दिली.

"गाडी बंद पडते म्हणून देत नाही हं. गुडघे दुखतात म्हणून देतोय. दोन्हीत फरक आहे."

"आहे, आबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही शेजारी बसा. चुण्या मला नाही जमत."

आता ते शेजारच्या सीटवर बसतात आणि मी त्यांच्या मांडीवर. मुलाचा पाय चौकात नाचायला लागला की आबा मला उचलून त्याच्या बुटावर एक फवारा मारतात. पाय थांबतो.

मित्रांनो, माझे आयुष्य आता संपत आले. स्प्रिंग गंजली आहे, चाप सैल पडला आहे. तरी तुमच्याजवळ एक मागणे आहे. घरात एखादी गोष्ट चालेनाशी झाली, एखादे माणूस मंद पडले, तर लगेच खापर फोडू नका. खाली डाग नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. काही चिरांमधून काहीच बाहेर येत नाही. आणि तुमच्या घरातली माझ्यासारखी एखादी बाटली उद्या नुसती फुस्स करू लागली तर तिला केरात टाकू नका. आधी तिचे डोके फिरवून काढा, नळी उजेडात धरा, टोक बघा. पाणी तिच्या पोटात असेल. ती बिचारी नुसती हवा खात असेल.